पावती फाडणारी माणसं

जयगडच्या खाडीकाठी कुठल्याही जुन्या वाडीत शिरा. शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या सभामंडपात, विहिरीच्या कठड्यावर, अगदी स्मशानातल्या शेडच्या खांबावरसुद्धा एक पाटी सापडते. वर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ आणि खाली देणगीदारांची नावं. नावांपुढे आकडे : ११, २१, ५१ आणि एखादाच १०१, तो जरा ठसठशीत कोरलेला. आमची पिढी त्या पाट्यांवर अक्षरं गिरवत वाढली. आपला बाप अकरावाल्यांत आहे की एकवीसवाल्यांत, यावर वर्गातली पत ठरायची. एकावन्नवाल्याचा मुलगा गणितात नापास झाला तरी मॉनिटर असायचा.

आता पाट्या ग्रॅनाइटच्या झाल्यात, अक्षरं सोनेरी. वर एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह नाहीतर ‘यांच्या स्थानिक विकास निधीतून’ अशी ओळ, आणि रक्कम लाखांत. काम म्हणाल तर पूर्वीपेक्षा कितीतरी बरं. मंडळाने बांधलेल्या स्वच्छतागृहाचं दार पहिल्याच पावसात फुगायचं आणि मग आतल्या माणसासाठी बाहेर कोणीतरी राखणीला उभं राहायचं. आताचं दार ॲल्युमिनियमचं आहे, कडी लागते. तरी नव्या पाटीसमोर आम्ही उगाच घुटमळतो. खाली नावं शोधायची खोड जात नाही, आणि खाली नावं नसतात.

विलायतेत म्हणे पुरुषांच्या गोल्फ सोसायट्या असतात. सेंट अँड्र्यूजच्या गोल्फवाल्यांनी १७५४ साली अशी एक काढली, ती अजून नांदते आहे, फक्त २०१४ पासून बायकांनाही घेते. पुरुषांनी जमायचं, खेळायचं, जेवायचं आणि वर्षाकाठी एखाद्या दवाखान्याला नाहीतर शाळेला देणगी द्यायची. मुंबईतही चेंबूरला १९२७ पासून गोल्फचा क्लब आहे. आमच्या वाडवडिलांनी तो पाहिला असलाच तर कुंपणाबाहेरून. पण रीत तीच. आमचे पुरुषही जमत, कबड्डी आणि पत्ते खेळत, जेवत, कडाकडा भांडत आणि गावाला देणगी देत. तिकडे खर्चून उरलेलं देत, इकडे देऊन उरलेल्यात महिना काढत.

या मंडळाचा पत्ता म्हणजे बैठकीची खोली. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड, कुठल्यातरी चाळीतली एक खोली गावाच्या नावावर असे. तिच्यात गावचे वीस-पंचवीस गडी, बहुतेक सगळे गिरण्यांत, तीन पाळ्यांत वाटलेले. त्यामुळे खोली कधी रिकामी नसे आणि कधी सगळे एकदम घरातही नसत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच्याच चटईवर आडवा व्हायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गणपतीची तसबीर आणि तसबिरीमागे मंडळाचं दफ्तर. नवखा पोरगा भाऊच्या धक्क्यावर उतरला की त्याला दुसरा पत्ता विचारावा लागत नसे. नोकरी लागेपर्यंत भाडं माफ. मंडळाची खरी पहिली देणगी हीच, आणि ती कुठल्या पाटीवर कोरलेली नाही.

आता गावचा मुलगा मुंबईत येण्याआधीच मोबाइलवर पीजी ठरवून येतो. त्याला पलंग मिळतो, कपाट मिळतं, वायफाय मिळतं, आणि शेजारच्या पलंगावर कोण निजतं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तिथे ढेकूण नाहीत, ही गोष्ट आम्ही मनापासून मानतो. बैठकीच्या खोलीच्या आठवणीने ज्यांना गहिवर येतो त्यांनी तिथे मे महिन्यातली रात्र काढलेली नसते, किंवा काढून आता पुष्कळ वर्षं झालेली असतात. आम्ही दुसऱ्या प्रकारात मोडतो.

शिवाय या पुरुषांच्या मंडळाला दोन वेळा जेवू कोण घालत होतं? खाणावळवाल्या बाया. पहाटे उठून डबे, रात्री उशिरापर्यंत ताटं, पैसे महिनाअखेरीला, तेही मिळाले तर. खाणावळीचं बिल थकवून शाळेच्या घंटेला एकवीस रुपये देणारे महाभाग आमच्यात होते. पाटीवर नाव त्यांचं आहे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली, तोवर त्यांच्या घामाची पावती कोणी फाडली नव्हती.

पगारानंतरचा रविवार वसुलीचा. दोन माणसं निघत. एक खजिनदार, बगलेत पावतीपुस्तक आणि कार्बन. दुसरा बोलका, कारण खजिनदार मुद्दाम मुखदुर्बळ निवडलेला असे. फार बोलणाऱ्याच्या हाती पैसा देऊ नये असा गावचा पक्का समज होता. दहावी करून मुंबईला आल्यावर आम्हीही या जोडगोळीमागे तिसरे म्हणून हिंडलो. शिवडीपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत जिथे जिथे गावचं बिऱ्हाड, तिथे तिथे. कोणी ‘या’ म्हणून चटई टाकी. कोणी आतून बायकोला दबक्या आवाजात ‘घरात नाहीत म्हणून सांग’ म्हणे, आणि ते गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू येई. मग आमचा बोलका माणूस आवाज चढवी, “वयनी, दादा आले की सांगा, आम्ही हितंच बसलोय.” थोड्या वेळाने दादा आतूनच येत.

मग चहा. चहा होईपर्यंत डोळे घरभर फिरत. फळीवर औषधाच्या बाटल्या वाढल्यात. पोर दिवसाढवळ्या घरात आहे, म्हणजे शाळा सुटली. मालकाची पाळी चालू असून मालक बनियनवर बसलेत, म्हणजे गिरणीत काहीतरी बिनसलंय. वर्गणी कधी आठ आणे, कधी रुपया. पण त्या रुपयाच्या निमित्ताने महिन्यातून एकदा गावाची नजर प्रत्येक घरावरून फिरून येई. पुढच्या बैठकीत हिशोब वाचून झाला की खजिनदार खालच्या आवाजात म्हणे, ‘अमक्याची पावती या महिन्याला फाडली नाही.’ का, ते कोणी विचारत नसे. दोन दिवसांत त्या घरी तांदूळ पोचत. आणि तितक्याच झपाट्याने त्या घरची बातमी गावी पोचे, हेही लिहिलं पाहिजे. पोटाची सोय होई, झाकल्या मुठीची होत नसे.

आता वर्गणी क्यूआर कोडवर. अध्यक्ष दिव्याला, सचिव डोंबिवलीला, खजिनदार नालासोपाऱ्याला आणि सभासद बोईसरपासून बदलापूरपर्यंत पांगलेले. घरोघर फिरायचं तर रविवार पुरणार नाही, रजा काढावी लागेल. तेव्हा महिन्याच्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर कोड येतो, लोक पैसे टाकतात, त्याचं चित्र टाकतात आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. हिशोब पै न पै जुळतो. पूर्वी ताळेबंदात ‘किरकोळ’ नावाचा एक रकाना असे, त्यात काय वाटेल ते मावायचं. आता तो रकानाच नाही. ज्याचे पैसे येत नाहीत त्याच्या नावापुढचा चौकोन एक्सेलमध्ये लाल होतो. लाल होतो आणि लालच राहतो. आमच्यातला एकजण असा बरेच महिने लाल होता. थकबाकीदारांची यादी काढायची वेळ आली तेव्हा कळलं की तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि पावतीपुस्तकं दफ्तरात गेली. त्या वर्षी देणं उलटं वाहिलं. ज्यांनी शाळेला पत्रे धाडले होते ती माणसं गावी येऊन भावाच्या पडवीत बसली. गावाने भात दिलं, कुळीथ दिले, काही महिन्यांनी टोमणेही दिले. पुष्कळजण पुन्हा खोलीवर आलेच नाहीत. ज्यांच्या ट्रंका भिंतीला तशाच राहिल्या त्यांची भाडी मंडळाने माफ केली की बुडीत धरली, यावर सभेत दोनदा हमरीतुमरी झाली. रक्कम तीच होती, भांडण शब्दाचं होतं.

निधी मोठा हवा असला की मंडळ परळच्या दामोदर नाट्यगृहाकडे वळे. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं हे १९२२ पासूनचं सभागृह म्हणजे कोकणातल्या मंडळांचं दुसरं गाव. एका रविवारी शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना, पुढच्या रविवारी कुठल्यातरी वाडीचं नमन. प्रत्येक सभासदाच्या गळ्यात तिकिटांचा गठ्ठा मारायचा, त्याने तो फिटरपासून जॉबरपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात मारायचा. नमनातल्या गवळणी म्हणजे साचाखात्यातलेच गडी, दाढी घोटून लुगडी नेसलेले. बायका पुढच्या रांगांतून आपापला नवरा ओळखून पदरात तोंड घालून हसत. संकासुर रंगमंचावर आला की पोरं रडायला लागत आणि आया त्यांना बाहेर नेताना स्वतः मान वळवून बघत. स्मरणिका निघे. तिच्यात एक पान अध्यक्षांचं मनोगत आणि बाकी सगळ्या जाहिराती : मसाल्याचा गिरणीवाला, पितळी भांडीवाला, आणि अर्ध्या पानावर ‘एक हितचिंतक’. खेळ रंगला तर शाळेला पत्रे. पडला तर शाळा गळायची ती गळायचीच, वर हार्मोनियमवाल्याचं देणं.

दामोदर नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. नमन आता यूट्यूबवर बघता येतं. आवाज स्वच्छ, प्रकाश झकास, आणि कितीतरी संचांत गवळणी खरोखरच मुली आहेत. हे व्हायलाच हवं होतं. निधीसाठी मात्र आता क्रिकेट. टेनिस बॉलची स्पर्धा, तिचं नाव गावाचं आणि आडनाव प्रीमियर लीग. संघमालक असतात, खेळाडूंचा लिलाव होतो, पुतण्या भर सभेत काकाला विकत घेतो आणि काका कमी किमतीला गेला म्हणून काकू महिनाभर पुतण्याशी बोलत नाही. ठाण्याकडचं कुठलंसं मैदान भाड्याने घेतात, गोलंदाजापेक्षा उंच करंडक आणतात, मोबाइलवर थेट प्रक्षेपण करतात. आम्हांला बाजूला खुर्च्या मांडून ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ म्हणून बसवतात. कबड्डीत दोन चाळींमधल्या खडीवर गुडघे फोडून घेतलेल्या माणसाने काय मार्गदर्शन करावं? आम्ही वडापाव खातो. दिवसाच्या शेवटी खर्च वजा जाता गावासाठी जी रक्कम उरते ती आमच्या साऱ्या दामोदरी रात्रींपेक्षा मोठी असते. हेवा वाटतो, तो लपवायचं कारण नाही.

मंडळाच्या नावाने ज्यांचे डोळे पाणावतात त्यांनी त्याच्या ठरावांची वहीही वाचावी. म्हणायचं गावाचं मंडळ, असायचं वाडीचं, आणि वाडी म्हणजे जात. कुणब्यांचं निराळं, भंडाऱ्यांचं निराळं, खारव्यांचं निराळं. मोहल्ल्याची जमात स्वतंत्र, बौद्धवाडीचं मंडळ स्वतंत्र. काहींना या वेगळेपणाने बळही दिलं. १९२० साली मुंबईत निघालेला कुणबी समाजोन्नती संघ शंभरी ओलांडून उभा आहे, आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली ती अशाच संस्थांतून. पण ज्या विहिरीच्या कठड्यावर ‘सार्वजनिक’ असं कोरलं होतं, तिच्यावर गावातल्या कोणी कोणी घागर बुडवायची नाही, हे आम्ही लहानपणी विचारलं नाही. न विचारताच ठाऊक होतं.

आणि वर्गणी थकवली तर? शिमग्यात पालखी त्याच्या दारात थांबत नसे. त्याच्या घरच्या लग्नाला अक्षता टाकायला चार माणसं मिळत नसत. गावकीपुढे उभं राहून दंड भरला की मग सगळं पूर्ववत. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला तो २०१६ मध्ये, आणि तो हवेतून आलेला नव्हता. ज्याला आम्ही दान म्हणत आलो तो पुष्कळदा करच होता, आणि सरकारी करापेक्षा त्याची वसुली कडक होती. बायकांना सभेत जागा २६ जानेवारीच्या सत्यनारायणाला, तीही हळदीकुंकवापुरती. त्याच दिवशी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव, त्याच दिवशी वार्षिक अहवाल. अहवाल वाचायला सुरुवात झाली की बायका स्वयंपाकाकडे वळत, म्हणजे वळवल्या जात. आज आमची खजिनदार बाई आहे. हिशोब जुळतो तो काही सगळा एक्सेलमुळे नव्हे.

पत्रे गावी जात कसे? बोटीने. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली कोकणची बोट हर्णै, दाभोळ करत जयगडला येई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि काठावरून पडाव तिच्या अंगाला लागे. पडाव हले, ट्रंका घसरत, म्हाताऱ्या मोठ्याने देवाचं नाव घेत. शाळेची पितळी घंटा, देवळाचा नगारा, पत्र्यांची चळत, फळ्याचा काळा रंग, सगळं त्या पडावातून उतरलं. शाळेसाठी आणलेलं भिंतीवरचं घड्याळ एका खेपेला पाण्यात गेलं आणि पुढे कित्येक वर्षं शाळा गुरुजींच्या अंदाजाने सुटत राहिली, असं सांगतात. माल उतरला की खजिनदाराचं पत्र फोडून काठावरच मोजणी होई. एक पत्रा कमी भरला तर बातमी मुंबईत पोचायच्या आत संशयिताचं नाव ठरलेलं असे. बोटीच्या आठवणीने आमचा गळा दाटतो खरा. पण याच किनाऱ्यावरच्या बोटींपैकी रामदास १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. आमच्या आज्या बोटीला कधी रम्य म्हणाल्या नाहीत.

त्याच जयगडला आता बारमाही बंदर आहे. जेएसडब्ल्यूचं हे बंदर २००९ मध्ये सुरू झालं, लगतच १,२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. मोठमोठी जहाजं थेट धक्क्याला लागतात, पडावाचं काम उरलं नाही. खाडी ओलांडून तवसाळला जायला फेरीबोट आहे, माणूस गाडीतून न उतरता पलीकडे पोचतो. रात्री किल्ल्याच्या बाजूने पाहिलं तर दिव्यांनी आभाळ उजळलेलं असतं. ज्या गावात कंदिलाची काच पुसणं हे मुलांचं संध्याकाळचं काम होतं, तिथे. पूर्वी पोरं जयगडहून बाहेर कामाला जात, आता बाहेरची पोरं जयगडला कामाला येतात आणि आमच्याच बंद घरांच्या ओटीवर भाड्याने राहतात.

गावाची मागण्यांची यादीही आता दुसरीकडे जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याची जबाबदारी टाकली. कायदा आला तेव्हा वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा असलेली कंपनीही या नियमात आली. त्या दोन टक्क्यांपुढे आमचे अकरा आणि एकवीस कुठे लागणार? आणि हे न्यायाचंच आहे. ज्यांनी किनारा वापरला त्यांनी द्यावं. फुप्फुसात कापूस भरून घेणाऱ्या माणसाने साकवाचा खर्च का सोसावा? आमच्या बापांच्या टक्क्यांचा हिशोब कोणी मांडला नाही, मांडला असता तर दोनच्या फार वर गेला असता. एवढंच की मंडळाकडे मागताना गाव चुलत्याकडे मागत होतं. चुलता नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येई, शिमग्यात तो आला की ऐकवता येई. आता अर्ज करायचा असतो, आणि अर्जाशी भांडता येत नाही.

ज्या शाळेसाठी हे सगळं झालं तिला आता फरशी आहे, संगणक आहे, पट नाही. मंडळाने मागल्या खेपेला बाकं दिली तेव्हा बाकं मुलांपेक्षा जास्त झाली. घरांना कुलपं आहेत, ती गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. त्याच शाळेत शिकलेले आम्ही परतलो नाही. अकरा रुपयांनी शाळा बांधली की गाव रिकामं करायचा रस्ता बांधला, हा प्रश्न कोणी विचारला तर सभेत शांतता पसरेल.

सध्या सभेपुढे विषय आहे तो खोलीचा. चाळ पाडायची आहे. वर टॉवर, टॉवरमध्ये मंडळाच्या नावाने फ्लॅट, आणि त्याचा देखभालखर्च इतका की सगळ्या वर्गण्या त्यातच जातील. तरुणांचं म्हणणं असं की फ्लॅट विकावा, धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी, रक्कम ठेवीत टाकावी आणि व्याजातून गावच्या मुलांना शिष्यवृत्ती, आजाऱ्यांना औषधपाणी. छापील तक्ते आणले होते, रंगीत. त्यात चूक काढायचा आम्ही कसून प्रयत्न केला, सापडली नाही. मग आमच्यातल्या एकाने शेवटचं अस्त्र काढलं : खोली गेली तर बसायचं कुठे? खजिनदारबाईंनी शांतपणे विचारलं, गेल्या वर्षी खोलीवर कोण कोण येऊन बसलं होतं. किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच त्या दिवशीची सभा संपली.

पुढची सभा सत्यनारायणाच्या दिवशी. आम्ही विक्रीच्या बाजूने हात वर करणार आहोत. करून झाल्यावर नव्या मंडळींना नावं ठेवण्याचा हक्क अर्थात राखून. फक्त एक उपसूचना लिहून ठेवली आहे : शिष्यवृत्तीचे आणि औषधाचे पैसे खात्यात टाकू नयेत, मंडळाच्या दोघांनी ते घरी नेऊन द्यावेत आणि चहा होईपर्यंत बसावं. नालासोपारा ते बदलापूर जायला-यायला किती वेळ लागतो, हे ग्रुपवर लगेच चारजणांनी कळवलं. अनुमोदक अजून मिळालेला नाही.